बल्बात निष्क्रिय वायू कशासाठी? नुसती हवा काढून भागत नाही का?

पोल्ट्री_साक्री

राम राम मंडळी. ब्रूडिंगला (लहान पिल्लांना ऊब द्यायला) २०० वॉटचे साधे तारेचे बल्ब वापरतो. गेलेले तीन बल्ब समोर ठेवून लिहितोय, कारण तिघांची काच तीन तऱ्हेची दिसते.

१. २०० वॉटचा एक : काच बाकी स्वच्छ, पण मानेकडे, म्हणजे कॅपच्या बाजूला, काळा पट्टा.
२. दुसरा २०० वॉटचा : आतून पांढुरकी-पिवळट राख बसलेली. लावल्याबरोबर गेला.
३. खोलीतला झिरो बल्ब : सगळीकडून सारखाच करडा, आरशासारखा चमकतो.

शाळेच्या पुस्तकात लिहिलंय, 'तार जळू नये म्हणून बल्बमध्ये आर्गॉन किंवा नायट्रोजन भरतात.' इथेच घोडं अडतं. आतली हवा पूर्ण काढली तर ऑक्सिजन जातोच. मग जळायचा प्रश्न कुठे उरला? वरून पुन्हा गॅस भरायचा खटाटोप कशाला? आणि नायट्रोजन तर निष्क्रिय वायूंच्या रांगेतलाही नाही.

आणखी दोन शंका. गॅस असल्या-नसल्याने पिल्लांना मिळणाऱ्या उबेत फरक पडतो का? आणि बल्ब जातात ते जास्त करून रात्रीच, जाताना एमसीबीही (करंट वाढला की आपोआप पडणारं बटन) पाडतात, ते का?

वात_आणि_काच

पुस्तकातलं वाक्य चूक नाही, अर्धं आहे. तार जळू नये यासाठी निर्वात पुरतो. एडिसनचा १८७९ चा कार्बन तंतूचा दिवा निर्वातच होता आणि पुढे तीसेक वर्षं सगळे दिवे तसेच होते. गॅस भरतात तो तार *उडून जाऊ नये* म्हणून. जळणं वेगळं, बाष्पीभवन वेगळं. तुमचा झिरो बल्ब जळलेला नाही, त्याची तार हळूहळू वाफ होऊन काचेवर बसली. तो करडा आरसा म्हणजे टंगस्टनच.

टंगस्टन_जळगाव

वर म्हटलंय ते बरोबर. जरा खोलात जाऊ, कारण तुमच्या तिन्ही बल्बांचं उत्तर एकाच जागी आहे.

टंगस्टनचा वितळणबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, सगळ्या धातूंत सर्वांत जास्त. १०० वॉटच्या बल्बात तार साधारण २५०० अंशाला चालते. म्हणजे वितळायला बरीच वाव आहे, पण वितळण्याच्या कितीतरी आधी पृष्ठभागावरचे अणू सुटून बाहेर पडू लागतात. तापमान थोडं वाढवलं की हे सुटणं भराभर वाढतं. इकडे उजेडाचं गणित नेमकं उलटं : तार जितकी तापवाल तितका तेवढ्याच विजेत जास्त आणि पांढरा उजेड. बल्ब बनवणाऱ्याची सगळी ओढाताण या दोन गोष्टींमधली.

निर्वातात सुटलेल्या अणूला अडवणारं कोणी नसतं. तो सरळ रेषेत जाऊन काचेवर आपटतो आणि तिथेच चिकटतो. आत वायू असला की त्याची गत सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गर्दीत शिरलेल्या माणसासारखी होते : दोन पावलं पुढे, धक्का, एक पाऊल मागे. यातले बरेच अणू परत तारेवरच येऊन बसतात. त्यामुळे तेवढंच आयुष्य राखून तार दोन-तीनशे अंश जास्त तापवता येते. निर्वात बल्बची तार साधारण २२०० च्या आसपास ठेवावी लागते. उजेडातला फरक बघा : २५ वॉटचा निर्वात बल्ब एका वॉटला ९ ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचं माप) आसपास देतो, १०० वॉटचा गॅसचा १३ च्या पुढे, २०० वॉटचा १५ च्या जवळ. यातला थोडा वाटा जाड तारेचाही आहे, सगळं श्रेय गॅसला देऊ नये.

हे शोधून काढलं जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युअर यांनी, १९१३ मध्ये. त्या काळी सर्वांचा समज असा होता की काच काळी पडते ती निर्वात कच्चा राहिल्यामुळे, म्हणून आणखी चांगला पंप हवा. लँगम्युअर उलट्या दिशेने गेले. वेगवेगळे वायू मुद्दाम आत सोडून कोणता काय करतो ते बघत बसले. सगळ्यांत घातक निघाली पाण्याची वाफ, तीही अगदी चिमूटभर. तापलेल्या तारेवर पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन टंगस्टनला धरून ऑक्साइड होतो, तो काचेकडे जातो. तिथे मोकळा झालेला हायड्रोजन त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतो, टंगस्टन काचेवर राहतं आणि पाणी पुन्हा तयार! तेच पाणी परत तारेकडे. एकच रेणू शेकडो खेपा घालतो आणि स्वतः खर्च होत नाही. म्हणून कारखान्यात गॅस भरण्याआधी बल्ब भट्टीत तापवून काचेला चिकटलेली ओल हाकलतात, आणि तारेच्या जोडणीवर लाल फॉस्फरससारखं 'गेटर' लावतात, जे उरलीसुरली ओल आणि ऑक्सिजन पिऊन टाकतं.

आता कोणता वायू? तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, टंगस्टनशी झोंबू नये. इथे ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, वाफ सगळे बाद. नायट्रोजन निष्क्रिय वायूंच्या रांगेत नसला तरी त्याच्या दोन अणूंमधला बंध इतका घट्ट की तारेच्या तापमानालाही तो टंगस्टनला व्यवहारात काही करत नाही. लँगम्युअर यांनी सुरुवात नायट्रोजननेच केली.

दुसरी, उष्णता कमीत कमी वाहून न्यावी. वायू आत आला की तो तारेची उष्णता काचेकडे नेतोच, हा त्याचा दंड. नायट्रोजनची उष्णतावाहकता १०० धरली तर आर्गॉनची साधारण ६९, क्रिप्टॉनची ३६, झेनॉनची २१. हायड्रोजनची तब्बल ७०० च्या घरात, म्हणून तो इथे निरुपयोगी. अणू जितका जड तितका तो संथ आणि उष्णता नेण्यात आळशी. शिवाय जड अणू टंगस्टनच्या अणूला मागेही चांगला ढकलतो : टंगस्टनचा अणुभार १८४, आर्गॉन ४०, क्रिप्टॉन ८४, झेनॉन १३१. गुणांच्या हिशेबाने झेनॉनच पहिला यायला हवा.

तिसरी गोष्ट पैसा. हवेत आर्गॉन ०.९३ टक्के, म्हणजे एक घनमीटर हवेत ९ लिटरच्या वर. क्रिप्टॉन त्याच हवेत एक मिलिलिटर, झेनॉन त्याच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी. ऑक्सिजन प्लांटमध्ये हवा थंड करून वेगळी करताना आर्गॉन जोडीने मिळतोच, म्हणून तो स्वस्त. वीस-पंचवीस रुपयांच्या बल्बात झेनॉन कोण भरणार? क्रिप्टॉन महागड्या छोट्या बल्बांत आणि टॉर्चमध्ये, झेनॉन गाडीच्या काही हॅलोजन दिव्यांत, बाकी सगळीकडे आर्गॉन.

मग आर्गॉनमध्ये नायट्रोजन का मिसळतात? आर्गॉनमधून ठिणगी सहज पडते. २३० व्होल्टला तारेच्या दोन टोकांमध्ये कंस (विजेची सलग ठिणगी, आर्क) पेटण्याचा धोका राहतो. नायट्रोजन तो दाबतो. साधारण ८५ ते ९५ टक्के आर्गॉन आणि उरलेला नायट्रोजन. व्होल्टेज जास्त तसा नायट्रोजनचा वाटा जास्त. दाब थंड असताना वातावरणाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे पेटल्यावर तापून तो एक वातावरणाच्या जवळ येतो. ६० मिलिमीटर व्यासाच्या बल्बात हा सगळा गॅस भरतो जेमतेम दीड दशांश ग्रॅम.

तुमचा झिरो बल्ब निर्वात का, याचं उत्तर त्या दंडात आहे. (झिरो म्हणतात पण तो १२-१५ वॉट खातो.) लँगम्युअर यांना दिसलं की तारेभोवती वायूचा एक स्थिर थर चिकटून राहतो आणि उष्णता त्या थरातून पाझरते. हा थर काही मिलिमीटरचा, त्याच्यापुढे तार केसाहून बारीक. म्हणून तोटा तारेच्या जाडीवर फारसा ठरत नाही, लांबीवर ठरतो. बारीक तारेच्या छोट्या बल्बात उजेड कमी पण तोटा जवळपास तेवढाच, घाट्याचा सौदा. ४० वॉटच्या बल्बात पाचवा हिस्सा वीज गॅस गरम करण्यात जाते, १०० वॉटमध्ये ११-१२ टक्के, १००० वॉटमध्ये ६ च्या आसपास. २५ वॉट आणि त्याखाली फायदा उरतच नाही, तिथे निर्वातच बरा.

आणि तारेला स्प्रिंगसारखी वेटोळी का असतात तेही इथेच कळतं. वेटोळं केलं की वायूला ती लांब बारीक तार न वाटता एक आखूड जाड दांडी वाटते. स्थिर थर सगळ्या वेटोळ्याभोवती मिळून एकच बसतो. वेटोळ्याचं पुन्हा वेटोळं केलं तर आणखी आखूड. भिंगाखाली १०० वॉटची तार बघा, डबल कॉइल स्पष्ट दिसेल.

तर तुमचे तीन बल्ब :

झिरो – निर्वात, अणू सरळ चहूकडे गेले, काच सगळीकडे सारखी करडी.

पहिला २०० वॉटचा – गॅसचा. गरम गॅस वर चढतो, सोबत टंगस्टनचे कण नेतो. बल्ब कॅप वर करून टांगलेला, म्हणून काजळी मानेला. हा आपलं आयुष्य जगून गेला.

दुसरा – त्यात हवा शिरली. पांढुरकी-पिवळी राख म्हणजे टंगस्टन ट्रायऑक्साइड. काचेला बारीक तडा किंवा तळाच्या सीलमधून गळती. थंड बल्बात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने हवा आपसूक आत ओढली जाते. हाच एक बल्ब पुस्तकातल्या अर्थाने खरोखर 'जळाला'.

वायरमन_धुळे

टंगस्टन भाऊंनी आतलं सांगितलं, मी बाहेरचं सांगतो.

एमसीबी का पडते : तार जिथे सर्वांत बारीक झाली तिथे तुटते. तुटताना त्या फटीत कंस पेटतो, निळसर झगझगाट दिसतो तो हाच. कंसाला स्वतःचा असा रोध जवळजवळ नसतो, तो पसरत पसरत आतल्या दोन जाड तारांपर्यंत गेला की करंट एका क्षणात चढतो आणि एमसीबी पडते. हे होऊ नये म्हणून चांगल्या बल्बाच्या देठात आतल्या जोडतारेतच बारीक फ्यूज असतो. स्वस्त मालात तो गाळलेला असतो. बल्ब गेला की दरवेळी एमसीबी पडत असेल तर माल हलका समजा.

दुसरं कारण एकाच बटनावर सगळे बल्ब. थंड तारेचा रोध तापलेल्याच्या चौदा-पंधराव्या हिश्शाइतका. २०० वॉटच्या बल्बाचा चालू रोध २६४ ओहम, थंडीत मीटर लावा, १८ च्या आसपास दाखवेल. चालू करतानाच्या पहिल्या झटक्यात एक बल्ब १५-१८ अँपिअरपर्यंत ओढू शकतो, काही मिलिसेकंदच. असे दहा बल्ब एका बटनावर लावाल तर बी कर्व्हची (छोट्या झटक्यालाही पडणारी) एमसीबी उगाच पडणार. सी कर्व्ह (मोठा झटका सोसणारी) घ्या आणि दोन-तीन बल्बांचे गट करून वेगवेगळी बटनं द्या. तार १.५ स्क्वेअर एमएमच्या खाली नको.

रात्री का जातात : मल्टिमीटर लावून रात्री दोनला व्होल्टेज बघा. शेतीपंप आणि वस्ती एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असेल तर पंप बंद झाले की लाइनवरचा ताण उतरतो आणि व्होल्टेज चढतं. बल्बाचं आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताने घटतं. हिशेब असा :

२३० ला १००० तास चालणारा बल्ब २५० ला चालतो सुमारे ३४० तास. २६० ला २०० तास. रोज १२ तास धरले तर ८३ रात्रींच्या जागी १७.

ऊब मात्र थोडीच वाढते. २५० ला २०० वॉटचा बल्ब २२८ वॉटच्या आसपास खातो.

कॅपवर किंवा काचेवर छापलेलं व्होल्टेज वाचून घ्या. २३० चा आणि २४० चा, दोन्ही बाजारात मिळतात. रात्री २५० असणाऱ्यांनी २४० चाच मागायचा, तोच बल्ब ६०० तासांच्या जवळ जाईल. आणि एक बल्ब अचानक झगझगीत, दुसऱ्या फेजवरचा मंद असं होत असेल तर डीपीवर न्यूट्रल ढिला आहे. तो बल्बाचा विषय नाही, लगेच तक्रार करा, टीव्ही-फ्रिज सगळं जाईल.

खान्देशी_केळी

भाऊ, तुमना प्रश्न भारी शे. मला वाटतं गॅस असतो तो काच फुटली तर आग लागू नये म्हणून. निष्क्रिय गॅस आग विझवतो ना, तसंच. आणि एलईडी बल्बातही आर्गॉनच असतो असं वाचलंय.

टंगस्टन_जळगाव

@खान्देशी_केळी, दोन्ही नाही. दीड दशांश ग्रॅम गॅस काय आग विझवणार? काच फुटली की तो हवेत मिसळून जातो, तार क्षणात पांढरा धूर सोडून संपते, पण तापलेले काचेचे आणि धातूचे तुकडे खाली तुसात पडले तर तूस पेटू शकतो. पोल्ट्रीवाल्यांनी हे डोक्यात ठेवावं. गॅस हा आगीपासूनचा बचाव नाही.

एलईडीच्या नेहमीच्या बल्बात कुठलाच खास गॅस नसतो, प्लॅस्टिकचा घुमट आणि आत साधी हवा. अपवाद आहे तो काचेच्या 'फिलामेंट एलईडी' बल्बचा. त्यात बहुधा हेलियम असतो. तिथे काम नेमकं उलटं : एलईडीची पट्टी गार ठेवायची, म्हणून उष्णता झपाट्याने नेणारा हलका वायू हवा. हेलियम आर्गॉनच्या आठपट उष्णता नेतो. तारेच्या बल्बात तोच हेलियम भरला तर तार पुरेशी तापणार नाही. दोन बल्ब दिसायला सारखे, पोटात अगदी विरुद्ध गरज.

ट्यूबलाइटमधला आर्गॉन पुन्हा वेगळ्या कामाचा. तिथे तो वीज वाहायला वाट करून देतो आणि पाऱ्याच्या वाफेला काम सुरू करून देतो. टेस्टरमधल्या निऑनची तर स्वतःचीच लाली दिसते. तारेच्या बल्बात वायू उजेड देत नाही, तो फक्त तारेभोवती उभा असतो.

पोल्ट्री_साक्री

काळ्या पट्ट्याचं आता डोक्यात बसलं. उबेचं राहिलं. गॅसच्या बल्बात उष्णता गॅस गरम करण्यात वाया जाते म्हणता, मग पिल्लांसाठी निर्वात बल्ब चांगला की कसं? आणि इन्फ्रारेड बल्ब घ्यावा का?

टंगस्टन_जळगाव

'वाया' हा शब्द उजेडाच्या हिशेबातला. ब्रूडरला उजेड नको, ऊब हवी, आणि २०० वॉट खाल्ले की २०० वॉट ऊब मिळणारच, मग ती किरणांतून येवो की गरम काचेवरून. फरक एवढाच की काचेने गरम केलेली हवा वर चढून पत्र्याकडे जाते, किरणं मात्र सरळ पिल्लांवर पडतात. म्हणून बल्बावर ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची टोपी लावायची. खाली परत फिरणारी किरणं आणि टोपीखाली अडकलेली गरम हवा, दोन्ही पदरात पडतात. २०० वॉटला निर्वात बल्ब मिळतही नाही.

इन्फ्रारेड बल्ब, १५० किंवा २५० वॉटचे, गॅसचेच असतात. पण त्यांची तार मुद्दाम कमी तापवलेली, २१००-२२०० अंशाच्या आसपास. कमी तापल्याने उजेड कमी, बाष्पीभवन फार कमी, म्हणून आयुष्य ५००० तासांच्या घरात. शिवाय आत परावर्तक असतो. महाग पडतात पण दर बॅचला बल्ब बदलणाऱ्याला परवडतात.

हीच युक्ती साध्या बल्बात करायची असेल तर २०० वॉटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकाला ११५ व्होल्ट मिळतात. तार थंड असली की तिचा रोध कमी असतो, त्यामुळे वीज चौथ्या हिश्शावर न येता प्रत्येकी ६५ ते ७० वॉटवर येते. दोघांची मिळून १३५ च्या आसपास. उजेड दहाव्या हिश्शाहून कमी, लालसर, आणि तार जवळपास उडेनाशी होते. पिल्लांची टोचाटोचीही मंद लाल उजेडात कमी. फक्त एक लक्षात ठेवा : जोडीतला एक गेला की दोन्ही विझतात. एका ब्रूडरला अशी एकच जोडी ठेवू नका, दोन जोड्या वेगवेगळ्या बटनांवर ठेवा. नंदुरबारच्या डिसेंबरात मध्यरात्री ऊब गेली तर पहाटेपर्यंत पिल्लं एकमेकांवर चढून दबतात.

डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायचा विचार असेल तर वन एन ४००७ नको, झटक्यात जाऊ शकतो. वन एन ५४०८ घ्या, एका बल्बाला एक. वीज साधारण ६० टक्क्यांवर येते. उजेड थरथरतो, तेवढी तडजोड.

वायरमन_धुळे

होल्डरचं राहिलंच. २०० वॉटला बेकलाइटचा होल्डर लावू नका. कॅप वर करून टांगलेल्या बल्बात गरम गॅस मानेकडे चढतो, म्हणजे सगळा ताप होल्डरला. बेकलाइट ठिसूळ होतो, आतली स्प्रिंग ढिली पडते, पिनांवर ठिणग्या उडतात आणि कॅप चिकटवलेला लेप सुटून बल्ब खाली येतो. चिनी मातीचा होल्डर, आणि त्यातून फूटभर तरी उष्णतारोधक वायर. बल्ब वायरवर टांगायचा नाही, साखळीने टांगायचा.

प्रयोगवही_अमळनेर

गॅस आहे की निर्वात, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवता येतं आणि दाबही मोजता येतो. गेलेला झिरो बल्ब आणि गेलेला १०० वॉटचा, दोन्ही काच शाबूत असलेले घ्या. चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय सुरुवात नको, बल्ब जाड फडक्यात गुंडाळलेला हवा. निर्वात बल्ब आतल्या बाजूला फुटतो आणि काच मग उलट बाहेर उडते.

पितळी/ॲल्युमिनियमची कॅप पकडीने कडेकडेने उलगडून काढा. आत देठाच्या मधोमध काचेचं एक बारीक बंद टोक दिसेल. कारखान्यात याच नळीतून हवा काढतात, गॅस भरतात आणि मग ज्योतीने टोक वितळवून बंद करतात. आता कॅप काढलेल्या बल्बचं वजन करा. पाण्याने भरलेल्या भांड्यात तो पूर्ण बुडवून सांडलेलं पाणी मोजा, तेवढं त्याचं बाहेरून आकारमान. त्यातून काचेचं आकारमान वजा करायचं : काचेचे ग्रॅम भागिले २.५. २५ ग्रॅमचा बल्ब असेल तर १० मिलिलिटर.

मग बल्ब बादलीत पूर्ण बुडवा, *मान खाली ठेवून*, दहा मिनिटं तसाच राहू द्या म्हणजे तापमान पाण्याइतकं होईल. पाण्याखालीच पकडीने टोक मोडा. पाणी नळीतून कारंज्यासारखं आत उडतं. मान वर ठेवली तर गॅस बुडबुड्यांनी निसटतो आणि सगळा हिशेब फसतो. पाणी चढायचं थांबलं की टोकावर बोट दाबून बल्ब बाहेर काढा, पुसा, पुन्हा वजन करा. मोडलेलं काचेचं टोकही वजनात धरा. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर पाणी.

झिरो बल्ब जवळजवळ काठोकाठ भरतो, एक छोटा बुडबुडा राहतो तो पाण्यात विरघळलेल्या हवेचा. १०० वॉटच्यात पाणी चौथ्या हिश्शाच्या आसपास येऊन थांबतं. उदाहरणार्थ आतलं आकारमान १२० आणि पाणी शिरलं ३०, तर गॅसने जागा व्यापली ९०, म्हणजे मूळ दाब वातावरणाच्या ७५ टक्के. वायूच्या दाब-आकारमानाचा बॉइलचा नियम पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं. पाणी अर्ध्याहून जास्त शिरलं तर टोक मोडताना गॅस निसटला असं समजावं, आणि काहीच शिरलं नाही तर त्या बल्बात आधीच हवा गेलेली होती. त्याच्या काचेवर बहुधा पांढरी राख असते.

पोल्ट्री_साक्री

म्हणजे माझा दोन नंबरचा बल्ब बुडवला तर पाणी शिरणारच नाही. पण तडा कुठून गेला असेल? पडला नाही, आपटला नाही.

टंगस्टन_जळगाव

वर पाण्याची पाइपलाइन किंवा फॉगर (पाण्याचे तुषार उडवणारी तोटी) आहे का बघा. २०० वॉटच्या काचेचा वरचा भाग दीडशे-दोनशे अंशांवर असतो. ही साधी सोडा काच, हॅलोजनसारखी क्वार्ट्झ नाही. थेंबभर गार पाणी पडलं की केसाएवढा तडा जातो, तोही मानेजवळ, जिथे काच सर्वांत गरम. चालू बल्ब लगेच जातो असं नाही. बल्ब बंद केल्यावर गॅस आकसतो, बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि पुढच्या वेळी बटन दाबलं की पांढरा धूर. म्हणूनच तो 'लावल्याबरोबर गेला'. तोटी तपासण्याआधी टोपीचा काठ तपासा : पत्र्याला घाम येऊन पाणी काठाने ओघळतं आणि नेमकं मानेवर टपकतं. टोपीला वर दोन भोकं पाडून वाफेला वाट द्या, आणि काठ बल्बापासून तीन-चार इंच लांब ठेवा.

पोल्ट्री_साक्री

टोपीच आहे. डबा उलटा केलेला, वर भोक नाही, काठ काचेला लागूनच. आजच पाडतो. आणि रात्री दोनला मीटर लावून आकडा इथे टाकतो.

वायरमन_धुळे

एकदा दोनला आणि एकदा पहाटे पाचला टाका, दोन्ही फेजांचे. बल्ब चालू ठेवून मोजा, बंद ठेवून नको.